आमच्या माशांचे कल्ले कुणी भाजले

मंडळी, आज सकाळी मी आमच्या शेततळ्यातल्या माशांना जंतुनाशक औषध घातलं. मात्रा काढली ती तळं काठोकाठ भरलेलं धरून. वडिलांनी टोकलंही होतं, "पोरी, पाणी निम्म्यावर आलंय. औषध बी निम्मंच टाक की."

"अण्णा, प्राणिशास्त्र मी शिकलेय," मी म्हणाले.

दुपारी रोहू, कटला पाण्यावर येऊन तोंडं उघडू लागले. एकाचा कल्ला उचलून पाहिला. लालभडक असायचा, तो तपकिरी आणि चिकट झाला होता. अण्णांनी बोअरचं ताजं पाणी तळ्यात सोडलं.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले बाबूमामा आले. "कुणी टाकलं वं एवढं औषध?"

"म्याच. हात सुटला जरा," अण्णा म्हणाले.

"आवं, घरात बीएस्सी झालेली लेक हाय. तिला तरी इचारायचं!"

मी तिथंच उभी होते.

काही मासे गेले. बाकीचे अजून धापा टाकतायत. औषधानं भाजलेला कल्ला आधी सुजून जाड होतो, म्हणून माशाचा श्वास अडतो. पाणी स्वच्छ राहिलं आणि माशांना कुणी छेडलं नाही, तर काही आठवड्यांत तिथं नव्या पेशी येऊन तो भरतो. हे सगळं मला पाठ आहे. पण 'मी टाकलं' एवढं म्हणता आलं नाही. तुमच्यापैकी कुणी असं आईवडिलांच्या आड लपलंय का?

बाबूमामा, तुम्हीही या ग्रुपवर आहात. औषध अण्णांनी नाही, मी टाकलं.