येतानाचं अंतर, जातानाचं अंतर

नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात मुलाखत होती, म्हणून मुलगा दिल्लीहून दोन दिवसांसाठी आला होता. नोकरी घेतली तर तो माझ्याजवळ, जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातल्या घरी राहणार होता. त्याची आई गेल्यापासून या घरात मी एकटाच आहे. मुलाखत कशी झाली, असं मी विचारलं. "ठीक थी," एवढंच तो म्हणाला.

विमानतळावर टॅक्सीतून उतरताना तो म्हणाला, "आता हूँ, बाबा." निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मराठी तो बोलत नाही, पण ही रीत त्याच्या हिंदीत उतरली आहे. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी काचेच्या दारांकडे पाहत होतो. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरनं विचारलं, "भैया कितनी देर में आएँगे?"

तो दिल्लीला गेला, असं मी सांगितलं.

"तो 'आता हूँ' काहे बोले?"

घरी आल्यावर फोनवर विमानाचा माग पाहत बसलो. येतानाची रेघ आणि जातानाची रेघ एकमेकींवर बसत नव्हत्या. विमान उतरल्यावर कापलेल्या अंतराचा आकडा आला. तो येतानाच्या आकड्यापेक्षा बराच जास्त होता. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली. एकाच गोष्टीचे दोन आकडे दिसले की त्यातला एक चुकीचा धरायचा, ही तिथली सवय. मुलाला फोन लावला.

"जातानाचं अंतर जास्त काहून आलं?"

"सड़क थोड़ी है, बाबा. आने का रूट अलग, जाने का अलग. फिर हवा जिधर से आ रही हो, उसी तरफ मुँह करके उतरना पड़ता है, तो घूमकर आते हैं. और आज दिल्ली में लाइन लगी थी, ऊपर ही चक्कर कटवाए."

"म्हणजे दोन्ही आकडे बरोबर?"

"हव." तो हसला. "छापना है क्या?"

मीही हसलो. मग विचारलं, "ते लोक कधी कळवतील?"

"उन्होंने वहीं बता दिया था. मैंने मना कर दिया, बाबा. आपके सामने बोला नहीं गया."

"बरं. जेवून घे," मी म्हणालो.

त्याच्यासाठी वरची खोली रिकामी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दलालाला फोन करून भाडेकरू पाहायला सांगितलं.

"फैमिली चलेगी?" त्यानं विचारलं.

चालेल, असं सांगितलं.