भाकरी कुसकरणारा बैरागी

गुऱ्हाळावर आलेल्या वाटसरूला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती. रस प्यावा, गरम गूळ खावा आणि वाटेला लागावं. संस्थान विलीन झालं त्या हिवाळ्यात, इस्लामपूरजवळच्या आमच्या रानात भरदुपारी असाच एक बैरागी आला. आईनं रसाबरोबर त्याला भाकरीही दिली.

त्यानं नखानं पापुद्रा उचलला, उन्हाकडं धरून बघितला. मग भाकरीचे बारीक तुकडे केले आणि एकेक चाचपून तोंडात टाकला. माझ्या हातातला ऊस गळून पडला.

थोरल्या भावाला संस्थानाविरुद्ध पत्रकं वाटताना धरलं होतं. अकरा दिवस मी त्याची भाकरी कचेरीवर पोचवली. गुप्त पोलिसांचा प्रमुख स्वतः पडवीत बसून तिच्यात चिठ्ठी शोधायचा, अगदी अस्साच. बाराव्या दिवशी म्हणाला, "उद्यापासून आणू नको." भाऊ आत मेला होता. मढंसुद्धा दिलं नाही. पुढं राज्य बुडालं आणि साहेब फरार झाला. दाढी वाढवली, भगवं नेसलं, पण बोटांची खोड काही गेली नाही.

"ह्योच त्यो!" मी ओरडलो.

चरकावरचे गडी धावून आले. त्यातल्या दोघांच्या पाठीवर त्याच्या चाबकाचे वळ होते. त्याला आडवा पाडून त्यांनी पायांचे तळवे फोडून काढले. तो हात जोडायला लागला, तेव्हा मी एकेक हात दगडावर धरला आणि दुसऱ्या दगडानं बोटं चेचली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. कुणीतरी त्याचे पाय धरून त्याला उकळत्या रसाच्या काहिलीकडं ओढायला लागलं.

तेवढ्यात आई मधे पडली. "थांबा रं! आदी त्याला बोलू द्या." ती त्याच्याजवळ मातीत बसली. "माजं प्वार कुठं जाळलंसा, का पुरलंसा? एवढंच सांग. तुला सोडाय लावते."

सगळे थांबले. त्यानं आईकडं बघितलं, रक्त थुंकलं. म्हणाला, "तुमचा मुलगा शेवटी फार रडला. त्याला आम्ही..."

रडला, एवढंच मला ऐकू आलं. काहील ढवळायचं लाकडी फावडं हातात कधी आलं कळलं नाही. मी ते त्याच्या तोंडावर घातलं. जबडा लोंबायला लागला.

आईनं त्याची हनुवटी दोन्ही हातांनी सावरून धरली. "कुठं? सांग की, कुठं?" घशातून नुसती घरघर आली. मग तिनं मूठभर राख त्याच्यापुढं पसरली. "लिव्ह, बाबा." त्यानं हात पुढं केला. त्यातलं एकही बोट हलत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत तो मेला. फौजदाराला आम्ही सांगितलं, बैरागी चरकात सापडला. त्यानं फार खोदून विचारलं नाही.

घरी आल्यावर आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला त्याला मारायचं व्हतं. मला त्याला इचारायचं व्हतं." मरेपर्यंत ती त्या गोष्टीवर पुन्हा बोलली नाही. माझ्याशीही फारसं नाही.