वाडीची बाय आणि माझा विनोद

इतिहास म्हटला की लोक जांभया देतात, याचा मला फार राग येतो. लोकांचा नाही, इतिहास सांगणाऱ्यांचा. घसा खाकरायचा, सनावळ्यांपासून सुरुवात करायची आणि समोरची माणसं घड्याळाकडे बघायला लागली की ‘हल्ली कुणाला गोडीच राहिली नाही’ म्हणून आठ्या घालायच्या. गोडी राहील कशी? गूळ घातला होता कुठे? मी ठरवलं, आपण गूळ घालायचा. आठवडाभर मुंबईला विम्याच्या कचेरीत खर्डेघाशी करायची आणि रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसांना घेऊन कधी वसईच्या किल्ल्यात, कधी अर्नाळ्याला, कधी एखाद्या जुन्या तळ्याकाठी हिंडायचं. यादवांच्या काळातल्या माणसाला मिरची माहीत नव्हती, बटाटा माहीत नव्हता, पाव तर नव्हताच. म्हणजे वडापावातला एकही घास त्याच्या नशिबी नव्हता, तरी तो बिचारा जगला, असं सांगितलं की शाळकरी पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवतात. मग त्यांना हळूच ताम्रपट, जकात, बंदरं असं काहीही पाजता येतं.

मी घाटावरचा. विरारला फ्लॅट घेऊन बरीच वर्षं झाली, पण इथल्या लोकांच्या घरात शिरलो तो या नादामुळेच. जवळच्या निर्मळ गावात एक काकी आहेत. नवरा आणि मुलगा वाडीतल्या केळी-भाजीचं बघतात, काकी फुलांचं. रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसतात. मी दगड बघत फिरतो हे कळल्यावर एकदा म्हणाल्या, “आमच्या वाडीत पन हाय एक. बाय हाय आमची. बगाला या.”

वाडीच्या तोंडाशी, विहिरीजवळ, कमरेएवढा एक दगड उभा होता. वर सूर्य-चंद्र, खाली शेंदराचे थरावर थर, आणि निम्मा भाग मातीत. पायाशी त्याच दिवशीची मोगऱ्याची फुलं. बाय वाडी राखते, असं म्हणून काकींनी मला घरची रीत सांगितली. या घरात येणारी नवी सून आधी बायपुढे उभी करतात. ती बायची ओटी भरते आणि मगच घराचा उंबरा ओलांडते. “मी आले तवा सासूनं माझा हात धरून हितं आनली. बोलली, ही घरातली थोरली. हिला इचारल्याबिगर आत जायाचं नाय.”

मला खालचा भाग बघायचा होता. मी विचारलं, माती काढून जरा धुऊ का? काकी खूशच झाल्या. मुलाचं लग्न ठरलं होतं. “धुवा ना भाऊ. लग्नाच्या आधी बाय सोच्च होईल. मी पानी आनते.” माती मी काढली. कळशीनं पाणी त्यांनी ओतलं. शेंदराचा एक मोठा पापुद्रा गळून पडला आणि खालचं कोरीवकाम उघडं झालं.

तो गद्धेगाळ होता. शिलाहारांच्या काळात राजानं कुणाला जमीन दान दिली की तिच्या हद्दीवर असा दगड रोवायचे. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान टिको, आणि जो कुणी ते मोडील त्याच्या आईला गाढव लागो, अशी ती शिवी. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही समजावी म्हणून खाली तिचं चित्र. बाई आणि गाढव. काहीही न झाकलेलं.

काकींनी पदराचं टोक ओलं करून चित्रावरची माती पुसली. “जनावर हाय ना काय तरी?” म्हणाल्या. मी “हो” म्हणालो. पुढचं माझ्या तोंडून निघेना. मुलाच्या वयाच्या माणसानं अशा बाईला ते कोणत्या शब्दांत सांगायचं? पण खरं सांगायचं तर मी तेव्हा संकोचापेक्षा आनंदानंच जास्त गप्प होतो. असा दगड मला आयता मिळाला होता. पुढच्या रविवारचा कार्यक्रम डोक्यात तयार होत होता.

रविवारी वीस-बावीस जणांना घेऊन मी वाडीत गेलो. काकींनी आनंदानं येऊ दिलं. मी दगडापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, “भिंतीवर ‘येथे लघवी करणारा गाढव आहे’ असं लिहिलेलं तुम्ही रोज वाचता ना? आज तुम्हाला त्या पाटीच्या खापरपणजोबांना भेटवतो.” हशा पिकला. मग मी शिवी समजावून सांगितली, आवाज बदलून, हातवारे करून. राजाच्या दरबारात ही शिवी ठरवायला किती पंडित बसले असतील, पाथरवटानं नमुना म्हणून कुणाला उभं केलं असेल, असले विनोद एकामागून एक सुटत गेले. लोक पोट धरून हसत होते. एकानं सगळं मोबाईलवर घेतलं.

काकी लिंबाच्या सरबताचं ताट घेऊन सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं होतं. थांबता आलं असतं, पण शेवटचा आणि सगळ्यांत चांगला विनोद अजून व्हायचा होता. तो मी केला. त्यांनी सगळ्यांना सरबत दिलं. मलाही दिलं.

त्या मोबाईलवाल्यानं रील टाकलं आणि ते वणव्यासारखं पसरलं. चार सोसायट्यांनी मला व्याख्यानाला बोलावलं. कचेरीतले साहेब, जे एरवी माझ्याकडे बघतही नाहीत, त्यांनी खांद्यावर हात टाकला. मी हवेत होतो. राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायला येणारी पोरं स्कूटरी वळवून वाडीत शिरतात, दगडापाशी अचकट विचकट फोटो काढतात, हे कानावर आलं होतं. मला वाटलं, चला, निदान या निमित्तानं लोक शिलाहारांचं नाव तरी घेतायत.

काकींनी लग्नाला बोलावलं होतं. आपल्या विनोदाचं काय झालं याचा जरासुद्धा विचार न करता मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेलो. दुपारी हॉलवर जेवलो आणि संध्याकाळी वरातीबरोबर वाडीवर आलो. मला ती रीत बघायची होती, कॅमेराही आणला होता. आठ-नऊशे वर्षांच्या दगडापुढे आजची नवरी ओटी भरते, यापेक्षा सुंदर गोष्ट लोकांना दाखवायला कुठे मिळणार?

बँड वाजवत वरात वाडीच्या तोंडाशी आली आणि न थांबता पुढे गेली. दगडावर गोणपाट टाकलं होतं, वरून सुंभानं बांधलं होतं. नवरीकडच्या दोन पोरी तिकडे बोट दाखवून तोंडावर रुमाल धरून हसल्या. नवरीनं मान खाली घातली. काकी सगळ्यांच्या पुढे ताठ चालत होत्या, पण त्या बाजूला त्यांनी पाहिलं नाही. नवरी सरळ उंबऱ्यावर गेली, माप ओलांडून आत गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा कॅमेरा पिशवीतच राहिला.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. काकी विहिरीपाशी फुलं निवडत होत्या. मी म्हणालो, “काकी, माझं चुकलं. मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली.” आणि उरलेली अर्धी सांगितली. ही शिवी बायला नाही, तुम्हालाही नाही. ती जमीन बळकावणाऱ्याला आहे. हा दगड जमिनीची राखण करायलाच उभा केला होता. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे मानलं ते अगदी बरोबर आहे, बाय वाडी राखतेच आहे. मी जीव तोडून सांगत होतो. तिथे मी एकही विनोद केला नाही. अर्थात हे सगळं वरातीमागून घोडं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “मंग हे त्या दिवशी का नाय सांगितलं सगल्यांना?”

उत्तर मला ठाऊक होतं. त्या अर्ध्या गोष्टीला कुणी हसत नाही.

“तुमी खोटं बोलता असं नाय,” त्या म्हणाल्या. “शिकलेली मानसं तुमी, तुमाला ठावं. पन भाऊ, आदी मी फुलं घेऊन गेले का मला बाय दिसायची. आता ते चित्र दिसतं. डोले मिटले तरी तेच दिसतं. सुनेला कशी उभी करू तिच्यापुडं?”

मी म्हणालो, पुन्हा माती भरू, शेंदूर लावू, मी रील काढून टाकायला सांगतो. हे बोलताना माझं मलाच बालिश वाटत होतं. त्यांनी निवडलेली फुलं टोपलीत भरली, उठल्या, आणि वाऱ्यानं सरकलेलं गोणपाट नीट करून सुंभ पुन्हा आवळलं.

“सासू जाऊन दोन वर्सं झाली,” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. “नातसून बगाला ऱ्हायली नाय म्हनून मी लय रडले व्हते. लग्नाच्या दिवशी पयल्यांदा वाटलं, बरं झालं गेली.”