उलटा फेरा

मुरबाडच्या एका शेडमध्ये मी जनावरांच्या कानात मारायच्या बिल्ल्यांसाठी तांब्याच्या तारेची वेटोळी डिझाइन करायचे. बिल्ल्यात बॅटरी नसते. वाचायचं यंत्र जवळ नेलं की वेटोळ्याला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि बिल्ला आपला नंबर सांगतो.

नवं वेटोळं दोन पदरी होतं. साच्याच्या एका बाजूला तार गुंडाळायची, साचा पालथा करून दुसऱ्या बाजूला गुंडाळायची. गुंडाळणाऱ्या मावशी शेणवे गावच्या. त्यांच्या नवऱ्याचं दुसऱ्या दिवशी ठाण्याला हृदयाचं ऑपरेशन होतं. पोरगा तिकडे होता, आणि यांना घरी बसवेना म्हणून कामावर आल्या होत्या.

संध्याकाळी बघते तर सगळे बिल्ले मुके. यंत्र अगदी टेकवलं तरी गप्प. सकाळी गिऱ्हाईक येणार होतं. भिंग लावलं तेव्हा दिसलं. साचा पालथा केला की दिशा उलटते, म्हणून पालथ्या बाजूला मी डावीकडे वळणारा बाण काढला होता आणि मावशींनी तार उजवीकडेच फिरवली होती. एक पदर दुसऱ्याचं केलेलं पुसून टाकत होता.

"मावशी, बाण दिसला नाय का तुमाला?" मी तडकलेच.

"दिसला ना." त्यांनी मान वर केली नाही. "उलटा फेरा आमी नाय घालत गो. तो मड्याभोवती घालतात. आताच्या घटकेला तर नायच नाय."

इतकी वर्षं बाण काढत आले, बाणालाही सुतक असतं हे कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. आता रागवायचं तरी कुणावर?

मग म्हटलं, फेरे राहू देत, जोड बदलू. दुसऱ्या पदराच्या टोकांची अदलाबदल करून कथलाचा डाग दिला. यंत्र वीतभर लांब असतानाच वाजलं. मावशी हसल्या, आणि हळूच म्हणाल्या, "ताई, आतून वीज तरी उलटी नाय ना फिरत?"

वीज दोन्हीकडून फिरते. सुलटी, लगेच उलटी, डोळ्याचं पातं लवेपर्यंत हजारो वेळा. त्याशिवाय बिल्ला बोलतच नाही. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाय," मी म्हटलं. "सुलटीच."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बिल्ले वाजवून बघत होतं आणि माझे कान फोनकडे. ठाण्याहून फोन आला तेव्हा मावशींच्या आधी मी धावले. नवरा शुद्धीवर आला होता. एवढी शिकलेली बाई, सकाळपासून त्या उलट्या विजेला घाबरून होते.