फिल्ममास्तरांची दीर्घिका

फिल्ममास्तरांवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. लिहिलं तर सगळं लिहावं लागेल, हे ठाऊक होतं.

कोणतंही चित्र ते एकदा सरळ आणि एकदा उलटं धरून बघत. बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म तपासून तडे शोधणं, हे त्यांचं काम. त्यांच्या गावी, दातिवऱ्याला, लोक विचारत, "कोणच्या पिच्चरमध्ये हाय तू?" ते सांगत, "पाइपाच्या. हिरो पाइप, व्हिलन तडा."

मी पालघरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर मास्तर आमच्या रविवारच्या आकाशमंडळात येऊ लागले. मोठ्या दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिकांची, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या तारकाविश्वांची, चित्रं संगणकावर बघून आम्ही त्यांचे आकार नोंदवायचो. कुणी "मला वाटतं" म्हणालं की मास्तर अडवत. "वाटतं ते लिवायचं नाय. दिसतं ते लिवायचं. आणि ज्यानं बघितलं त्यानं सही करायची." फिल्म तपासणाऱ्यांचा तो नियमच होता.

एका दीर्घिकासमूहातली एक दीर्घिका यादीत लंबगोल म्हणून नोंदलेली होती. मास्तरांनी चित्र फिरवलं, उजेड कमी केला. "सर, हिला कडेला पातळ तबकडी हाय. मसुराच्या दाण्यासारखी दिसते."

"मास्तर, हा तुमचा पाइप नाही," मी म्हणालो. सगळे हसले. तेही हसले. म्हणाले, "बरं. पण दिसते."

पंधरा दिवसांनी मी त्या चित्रातला प्रकाश मध्यापासून कडेपर्यंत मोजला. तबकडी निघाली. दीर्घिका मसूराकार होती: मध्ये फुगीर, भोवती तबकडी, सर्पिल हात नाहीत, समूहाच्या गर्दीत वायू गमावलेली, नवे तारे जन्मणं जवळजवळ थांबलेलं. मी एका विज्ञान मासिकात टिपण लिहिलं. खाली नाव फक्त माझं.

मास्तर तो अंक घेऊन मंडळात आले. "सर, ही तबकडी तुमी बघितलीत?"

सगळे ऐकत होते. मी "हो" म्हणालो.

"मग सही तुमचीच पायजे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी माझा शब्द खरा धरला होता: बघणारा मी, त्यांना नुसतं वाटलेलं.

त्यानंतरही ते येत राहिले. चित्र पुढे केलं की मात्र म्हणत, "दुसऱ्याला दाखवा, सर. मला आता नुसतं वाटतं." जन्मभर ज्या नजरेवर पाइप पास झाले, त्या नजरेवरचा त्यांचा विश्वास मी घालवला होता.

गेल्या वर्षी ते आजारी असताना दातिवऱ्याला गेलो. "मास्तर, ती दीर्घिका..." मी सुरुवात केली.

"चहा घ्या आधी, गार होतोय," ते म्हणाले.

मी चहा घेतला, आणि मग वाडीतल्या नारळांबद्दल बोलत बसलो. पुढच्या महिन्यात ते गेले.

सांगायचं होतं ते इतकंच. मास्तर, ती तबकडी मी बघितली नव्हती. तुम्ही दाखवत होतात तेव्हा मी हसत होतो. तुमची नजर बरोबर होती. मला माफ करा.