शिंदीचं आढं

आमच्या अंगणात दोन दारं होती. डावीकडचं थोरल्या दिरांचं, उजवीकडचं आमचं. बाजारच्या दिवशी सकाळी पोलीस शिपाई यायचा, डावीकडच्या दाराला हात जोडायचा आणि आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. "हाय का घरात?" एवढंच विचारायचा. आमचे हे बाहेर येऊन त्याच्यासमोर उभे राहिले की हजेरी झाली. नेमकं त्याच वेळी जाऊबाईंना अंगण झाडायचं असायचं. मुद्दाम नसेलही, पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोघं भाऊ एकाच गुन्ह्यात, एकाच तुरुंगात जाऊन आले होते. माझी सोयरीक झाली तेव्हा ही गोष्ट आमच्याकडच्या मंडळींना अभिमानाने सांगितली गेली. निजामाच्या वेळी शिंदीच्या दारूच्या गुत्त्याचं सरकारी उत्पन्न बुडवायचं म्हणून चळवळीतली माणसं शिंदीची झाडं तोडत. या दोघांनीही तोडली. पुढे सरकार बदललं आणि चळवळीपायी केलेलं काही गुन्हा धरायचं नाही असं ठरलं. दिरांचं नाव धुऊन निघालं. यांचं अर्धंच निघालं. कारण पाडलेल्या झाडांतलं एक खोड यांनी घरी आणून गोठ्याच्या छपराला आढं म्हणून घातलं होतं. झाड पाडलं ते देशासाठी आणि खोड नेलं ते घरासाठी, म्हणून पाडणं माफ झालं आणि नेणं चोरी ठरली; ती हजेरी त्याचीच. आढं उतरवलं तर गोठाच खाली येईल म्हणून पोलिसांनी ते तिथंच राहू दिलं होतं. दिरांच्या म्हशीही त्याच आढ्याखाली बांधलेल्या असत.

पंधरा ऑगस्टला शाळेत दिरांना खुर्ची मिळायची. जाऊबाई हिरवं इरकली लुगडं नेसून बायकांत पुढे बसायच्या आणि मास्तरीणबाई त्यांना कुंकू लावायची. नवरात्रात मनात आलं की ती दोघं नवरा-बायको तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरून यायची. आम्हाला वेशीबाहेर रात्र काढायची तर आधी चौकीवर सांगावं लागे. यांना ते सांगायला जायचा कमीपणा वाटायचा, म्हणून मी लग्नानंतर तुळजापूर पाहिलं नाही. जाऊबाई प्रसादाचा पेढा आणून द्यायच्या. मी तो पोरांना देऊन टाकायची.

भूमच्या एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर राहून हे गाडी शिकले होते. हात इतका चांगला बसला होता की चढावरसुद्धा हिसका म्हणून जाणवायचा नाही. एस.टी.त ड्रायव्हरच्या जागा निघाल्या तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं हसलं. पण चालचलनाचा दाखला पाहिजे होता आणि चोरीचं नाव असताना तो मिळणार नव्हता. मग तेवढं नाव काढून टाका म्हणून यांनी अर्ज केला. तहसीलदारांनी चौकशीला भूमला बोलावलं. साक्षीला दीर निघाले आणि मी हट्टानं बरोबर गेले.

तहसीलदार पुण्याकडचे, नवीन होते. जुनं मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, उर्दूत असल्यामुळे कचेरीतला पेशकार वाचून त्यांना मराठीत सांगत होता. दीर त्यांच्यासमोर खुर्चीवर होते, हे उभे होते, मी दाराशी पदर घेऊन बसले होते.

"तुम्ही चळवळीतलेच आहात, ते मला मान्य आहे," तहसीलदार यांना म्हणाले. "सगळं खरं सांगितलंत तर मी शिफारस करीन. लाकूड का नेलं?"

"गोठ्याचं आढं मोडलं हुतं साहेब. पावसाळा तोंडावर आलता."

"बरं. आठ हात लांब ओलं खोड. बरोबर कोण होतं?"

"कुनी न्हाय."

"एकट्यानं उचललं?"

मागच्याच वर्षी ते आढं एका बाजूनं सरकलं होतं. वाळून हलकं झालेलं, तरी ते परत बसवायला दोघा भावांना घाम फुटला होता आणि शेजारच्या गड्याला हाक मारावी लागली होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी दिरांकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली होती आणि तिची घडी नीट करत होते. तेव्हा त्या खोडाचं दुसरं टोक कुणाच्या खांद्यावर होतं ते मला कळलं.

"वढत न्हेलं साहेब," हे म्हणाले. "म्या एकट्यानंच."

तहसीलदारांनी दिरांकडेही एकदा पाहिलं. दीर टोपीची घडीच करत राहिले. थोरल्या दिरांपुढं तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती. मी पदर दातात धरला आणि मनातल्या मनात त्या खुर्चीला शिव्या घातल्या.

"खोटं बोलणाऱ्याचं चालचलन चांगलं आहे, असं मी कसं लिहू?" असं म्हणून तहसीलदारांनी मिसल बाजूला ठेवलं.

परतीच्या एस.टी.त दीर पुढं बसले. आम्ही दोघं मागं होतो. यांची नजर सारखी ड्रायव्हरच्या हातांवर होती.

"खरं का न्हाय सांगितलं?" मी हळूच विचारलं.

"दादाला लोक खुर्ची देत्यात. ती काढून घिऊ व्हय?"

"आन माजं काय?"

"तुजं काय? तू हायेस की," हे म्हणाले आणि पुन्हा ड्रायव्हरकडे बघू लागले.

इतकी वर्षं मला वाटत होतं की माझा जीव जाऊबाईंवर जळतो. त्यांच्या इरकलीवर, त्यांच्या कुंकवावर, त्यांच्या तुळजापूरवर. त्या दिवशी एस.टी.त कळलं की जाऊबाई बिचाऱ्या मध्येच आल्या होत्या. मी थोरल्या दिरांवर जळत होते. माझ्या माणसाजवळ देण्यासारखं जे काही होतं ते त्यानं माझ्या आधीच त्यांना देऊन टाकलं होतं. आज मी समोर बसलेली असताना ते पुन्हा दिलं, आणि मला विचारावं असंही त्याला वाटलं नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी शिपाई आला. हे उठून त्याच्यासमोर उभे राहिले. तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि दीर अंगण ओलांडून आले. ते यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"दादा, तुमची हजेरी नसती," शिपाई गडबडून म्हणाला.

दीर हलले नाहीत. झाडू हातात धरून जाऊबाई अंगणातच थांबल्या. आमच्या यांनी मान वळवून भावाकडे पाहिलं आणि हसले. मी दारातून बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण माझ्याकडे बघून ते तसे कधी हसले नव्हते.