संतोषच्या घड्याळाचा गजर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी घड्याळांच्या किमती सोडून काही लपवत नाही.

मला जुन्या डिजिटल घड्याळांचा नाद आहे. दणकट, काळी, खेळाडू वापरायचे तसली. आपटा, पाण्यात बुडवा, चालूच राहतात. पट्टा तेवढा जुना झाला की पापडासारखा तुटतो. जिंतूरच्या घरात कपाटाचा एक खण त्यांनी भरलाय. बायको म्हणते, भंगारवाल्याशी लग्न केलं असतं तर निदान त्यानं विकलं तरी असतं. नाद माणसाला कुठे नेईल, सांगता येतं का?

मला त्यानं चारठाण्याला नेलं. आमच्या शाळेचा शिपाई तिथला. त्याच्या शेजारी गयामावशीकडं तसलं घड्याळ आहे म्हणाला, म्हणून मी विकत घ्यायच्या इराद्यानंच गेलो. घड्याळ तिच्या मुलाचं निघालं — संतोषचं. फौजेतल्या मामानं दिलेलं. पोलीस भरतीसाठी तो पहाटे पळायला जायचा, त्यासाठी त्यानं गजर लावला होता. संतोष तापानं गेला. गजर राहिला. रोज वाजायचा, आणि मावशी उठायची. विकायचा प्रश्नच नव्हता. आवाज बारीक झालाय, तेवढा सेल बदलून द्या, म्हणाली.

मी ओसरीवर बसलो, ती चहा ठेवायला आत गेली. आता ऐका — या नादातल्या नवख्यालाही ठाऊक असतं की सेल काढला की असलं घड्याळ सगळं विसरतं. आधी गजराची वेळ बघून ठेवायची, मगच स्क्रू सोडायचे. मीच हे दहा जणांना बजावलेलं. पण ते घड्याळ आतून बघायची मला अशी हाव सुटली की — बघितलीच नाही वेळ. झाकण उघडलं, सेल काढला, नवा घातला. काचेवर बारा. गजरालाही बारा.

विचारता आलं नसतं का? मावशी, किती वाजता वाजायचा — एवढंच तर. पण मग काय घालवलं तेही सांगावं लागलं असतं. मी अंदाजानं पाच लावले.

चहा देताना तिनं विचारलं, "गजर हाय ना तसाच?"

"हाय, मावशी. त्याला हातच लावला न्हाई," मी म्हणालो.

त्या खोट्यावर मला एक घर मिळालं. माझी आई लवकर गेली. हक्कानं जेवायला बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. मावशी बोलावते. बायकोची ओटी भरते. मी आजारी पडलो तेव्हा देवाला नारळ बोलली होती. सरांमुळं माझं लेकरू घरात हाय, असं गावभर सांगते. तिच्या मायेचं माझ्यावर लय ऋण आहे — हे लिहितानाही डोळे भरून येतात, आणि यात तरी काही खोटं नाही. खरं सांगितलं असतं तर तिनं मला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का? मी कधी विचारून बघितलं नाही.

हुरड्याच्या दिवसांत गेलो होतो. भाकरी वाढता वाढता ती सहज म्हणाली, "सर, पहिलं लय अंधारात उठवायचा. आता उशिरा उठवायलाय. आई थकली, झोपू द्यावं वाटत असल त्याला."

मी मान हलवली आणि जेवत राहिलो.

गेल्या वर्षी पुन्हा सेल बदलला. तोवर शिपायाच्या बोलण्यातून खरी वेळ कळली होती — संतोष चारला उठायचा. घड्याळ माझ्या हातात होतं, मावशी आत होती. मी पाचच लावले.